अठ्ठेचाळीस पाती आणि एक तडा

बालमित्रांनो, आज कोड्यानं सुरुवात करू या.

फुंकलं तरी बोलतो, श्वास आत ओढला तरी बोलतो. पेटीचा धाकटा भाऊ, पण मावतो खिशात. ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! माउथ ऑर्गन. इतका लहान, की डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ या यानातल्या अंतराळवीरांनी तो गुपचूप बरोबर नेला होता आणि नाताळचं गाणं थेट अंतराळातून वाजवून दाखवलं होतं!

आजची गोष्ट मात्र अंतराळातली नाही, चिखलातली आहे. आणि तीत तुमच्या बाईंची एक चूकसुद्धा आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीला महापूर आला आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. दुकानांत, घरांत पाणी शिरलं. पाणी ओसरलं, पण चिखल मागे ठेवून गेलं. त्या वेळी करोनामुळे शाळा बंद होत्या. काही महिन्यांनी वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा माझ्या चौथीतल्या एका मुलीनं दप्तरातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. मला वाटलं, मातीचं ढेकूळच आहे.

"बाई, हा आमच्या आजोबांचा बाजा. पुरात बुडाला. तुम्ही दुरुस्त कराल?"

शाळेची पेटी एकदा मी उघडून साफ केली होती. तेव्हापासून बाईंना सगळंच दुरुस्त करता येतं, अशी वर्गाची समजूत झाली होती!

तिचे आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत कामाला होते. १९६४ साली 'दोस्ती' नावाचा हिंदी चित्रपट आला. दोन मित्रांची गोष्ट. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला नीट चालता येत नाही. एक गातो आणि दुसरा माउथ ऑर्गन वाजवतो. (पडद्यामागून तो वाजवला होता राहुल देव बर्मन यांनी.) चित्रपट पाहून आजोबांना वेडच लागलं. पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी हा बाजा घेतला. पुरानंतर ते म्हणाले होते, "टाकून द्या आता." पण नातीनं तो टाकला नाही.

तिनं तो फुंकून पाहिलाय का, हे मी आधी विचारलं. "नाही," म्हणाली. शाब्बास! मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. पुराच्या पाण्यात गटारातली घाण असते, उंदरांचं मूत्र असतं. त्यातून लेप्टोसारखे आजार होतात. पुरातून काढलेला माउथ ऑर्गन पूर्ण स्वच्छ होईपर्यंत तोंडाला लावायचा नाही. साफ करतानाही हातमोजे घालायचे आणि शेजारी मोठं माणूस हवं.

आम्ही हातमोजे घातले आणि बाजा उघडला.

आत असतं तरी काय?

माउथ ऑर्गन म्हणजे एक सँडविच समजा. वर आणि खाली पत्र्याची झाकणं. त्यांच्या आत दोन पितळी पट्ट्या. आणि मधोमध लाकडाची फणी. हो, केस विंचरायच्या फणीसारखीच! तिच्या दातांमधल्या जागा म्हणजे हवेचे छोटे छोटे बोगदे. हल्ली ही फणी बहुतेक प्लॅस्टिकची असते. आजोबांच्या बाजाची लाकडी होती.

खरी गंमत पितळी पट्ट्यांवर. तिथं लांबट खाचा असतात आणि प्रत्येक खाचेवर एक पातळ पितळी पातं बसवलेलं असतं. पात्याचं एक टोक रिव्हेटनं पक्कं, दुसरं मोकळं. हवा आली की मोकळं टोक खाचेत आत-बाहेर थरथरतं आणि सूर निघतो. पेटीतही अशीच पाती असतात. आणि फार जुन्या काळापासून चीनमध्ये असंच पातं असलेलं एक वाद्य आहे. त्याचं नाव 'शेंग'! भुईमुगाची नव्हे हं.

आजोबांच्या बाजाला ४८ पाती होती. पण सूर किती? २४. कारण या जातीच्या माउथ ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला दोन पाती असतात. दोन्ही जवळजवळ सारखी, पण किंचित फरकाची. ती एकत्र वाजली की सूर पाण्यावरच्या उन्हासारखा लकाकतो. ही जोडीची गोष्ट विसरू नका, पुढे तिचं काम आहे.

चिखलानं सूर का बिघडतो?

हा प्रयोग आत्ताच करा. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर धरा आणि मोकळं टोक टिचकीनं हलवा. भर्रर्र आवाज येईल. आता त्या टोकाला मळलेल्या कणकेची गोळी चिकटवा आणि पुन्हा हलवा. पट्टी संथ हलेल, आवाज खाली जाईल.

पात्याचंही तसंच. सेकंदाला ४४० वेळा थरथरणाऱ्या पात्याच्या टोकावर चिखलाचा कण बसला, की त्याची थरथर कमी होते आणि सूर उतरतो. कण खाचेत अडकला तर पातं मुकंच होतं, कारण पातं आणि खाच यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट असते.

म्हणून पहिला नियम असा: बेसूर पातं दिसलं की लगेच कानस घेऊन घासू नका. आधी ते धुऊन पाहा. पुष्कळदा पातं बेसूर नसतंच. त्याच्यावरची माती बेसूर असते.

आम्ही काय केलं?

१. मोबाईलवर फोटो काढला, म्हणजे कोणता भाग कुठे होता ते विसरायला नको. वरच्या पट्टीच्या कोपऱ्यावर 'व' आणि खालच्या पट्टीवर 'खा' असं पेननं लिहिलं. मुंगीएवढे खिळे काडेपेटीत ठेवले.

२. झाकणं आणि पट्ट्या सोडवल्या. झाकणं साबणानं धुतली.

३. पितळी पट्ट्या कोमट पाण्यात भिजत ठेवल्या, दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून. वाळलेली माती खरवडायची नाही, भिजवून सोडवायची. पाणी तीनदा बदललं.

४. मग मऊ ब्रश. इथे सगळ्यात जपायचं. ब्रश रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडेच न्यायचा, मांजराच्या अंगावरून हात फिरवतो तसा. उलटा किंवा आडवा नेला तर केस पात्यात अडकतात आणि पातं वाकतं. निम्मी पाती पट्टीच्या एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी हे काम करायचं.

५. काही ठिकाणी पितळ हिरवट झालं होतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, माहीत आहे ना? पितळेतल्या तांब्याचाच तो खेळ. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पट्ट्या दहा मिनिटं ठेवल्या, मग साध्या पाण्यानं खूप वेळा धुतल्या. भांडी घासायची पावडर मुळीच वापरायची नाही. तिचे कण खाचेत जाऊन बसतात.

६. पट्ट्या उभ्या करून सावलीत वाळवल्या. पात्यांवरून फडकं फिरवलं नाही, कारण त्याचा धागा अडकतो. वाळल्यावर टूथपिकनं एकेक पातं हळूच छेडून पाहिलं. टिंग... टिंग... टिंग! मुलीचे डोळे असे काही चमकले म्हणता!

आणि मग माझी चूक

राहिली लाकडी फणी. तिच्या दातांमध्ये चिखल घट्ट बसला होता. तिला पाण्यात भिजवायचं नव्हतं. ओल्या फडक्यानं आणि टूथपिकनं थोडं थोडं काढायचं आणि सावलीत हळूहळू वाळू द्यायचं, हे मला माहीत होतं. पण शनिवारी बाजा आजोबांना परत द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. म्हणून फणी बादलीत बुडवली. चिखल सुटला. मग ती पत्र्यावर उन्हात ठेवली.

दुपारी पाहते तर फणीला या टोकापासून चार दातांपर्यंत तडा!

असं का झालं? लाकूड पाणी पिऊन फुगतं. उन्हात त्याची बाहेरची बाजू भरभर वाळून आकसते, आतली बाजू मात्र अजून फुगलेलीच असते. ही ओढाताण लाकडाला सोसत नाही. पुराच्या पाण्यातून शाबूत आलेली फणी माझ्या घाईनं तडकली होती.

खरं सांगू? मनात आलं, पुरातच तडकली असं म्हटलं तर कुणाला कळणार आहे? ती मुलगी शेजारीच उभी होती. तिनं तड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. त्याच आठवड्यात वर्गात कुणाच्या तरी वहीवर पाणी सांडलं होतं आणि "ज्यानं सांडलं त्यानं स्वतः सांगायचं," असं मी मुलांना बजावलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. मी फणी आजोबांच्या हातात दिली. म्हटलं, "आजोबा, हा तडा पुरानं नाही गेला. मी घाईनं उन्हात ठेवली, म्हणून गेला. माझी चूक झाली."

आजोबांनी फणी उलटीपालटी करून पाहिली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, पुरानं नेलं त्याला इलाज नव्हता. हे तर लाकूड आहे. लाकडाला सुतार असतो."

आळीतल्या सुतारकाकांनी तड्यात लाकडाचा गोंद भरला, दोऱ्यानं फणी करकचून बांधली आणि रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर फणी अलगद घासली, म्हणजे ती सपाट व्हावी. फणी सपाट नसेल तर पट्टी नीट टेकत नाही आणि हवा शेजारच्या बोगद्यात पळते. पाण्यानं फुगून पुढे आलेले दातही घासून आत घेतले, नाहीतर वाजवताना ओठ कापला असता. शेवटी सगळं होतं तसं जोडलं. तोंड लागतं ती जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुन्हा वाळवली.

४८ पैकी ४५ पाती बोलली! तीन मुळाशीच तुटली होती. पण ती तीन वेगवेगळ्या जोड्यांतली होती. म्हणजे प्रत्येकाचा जोडीदार शाबूत होता. त्यामुळे २४ च्या २४ सूर वाजले. तीन सुरांची लकाकी गेली, एवढंच.

आजोबांनी बाजा ओठांना लावला. एका सुरावर क्षणभर थांबले, तोच सूर पुन्हा वाजवून पाहिला आणि नातीला म्हणाले, "इथला एकजण गेला बघ." मग पुढे वाजवत राहिले. तडा कुठे आहे, ते त्यांनी मला विचारलं नाही. मला मात्र तो ऐकू येत होता!

तुमचा माउथ ऑर्गन असा सांभाळा

• वाजवण्याआधी चूळ भरा. खाऊ खाऊन लगेच वाजवू नका.

• वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटा, म्हणजे आतली ओल निघून जाईल. थोडा वेळ वाळू द्या, मगच डबीत ठेवा.

• ओला असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा.

• आपला माउथ ऑर्गन दुसऱ्याला वाजवायला देऊ नका. यात कंजूषपणा नाही, आरोग्य आहे!

आई-बाबांसाठी: पट्ट्या सोडवणं आणि खिळे काढणं हे काम मुलांना एकट्यानं करू देऊ नका. बाजूला बटण असलेल्या माउथ ऑर्गनमध्ये प्लॅस्टिकच्या नाजूक झडपा असतात. तो घरी उघडू नका, जाणकाराकडेच द्या. पातं घासून सूर लावण्याचं कामही त्याचंच. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, आणि जास्त घासलेलं पितळ परत आणता येत नाही.

मुलांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादं मुकं वाद्य पडलेलं असेल. ते कुणाचं, ते आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. मग सगळ्यांनी मिळून हळूहळू उघडा. काही तुटलं तर घाबरू नका, आणि लपवू तर मुळीच नका.

मग, शोधाल ना? काय सापडलं ते मला पत्रानं जरूर कळवा!

तुमची,
बाई