पायऱ्यांचा हिरा आणि बिलावरचं नाव

लग्नसराई जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. कापसाचा पैसा हाती आला की लेकीसाठी थोडंफार सोनं करून ठेवायचं, ही आपल्या वऱ्हाडातली जुनी रीत. पण आताच्या पोरी म्हणतात, "आई, पाटल्या नको, हिऱ्याची अंगठी घे. तीही चौकोनी, जुन्या घाटाची!"

हौस आहे, करावी. पण मैत्रिणींनो, आधी हा हिरा समजून घ्या. या घाटाला 'स्टेप कट' म्हणतात. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७-५८ छोटे पैलू असतात, म्हणून तो लखलखतो. स्टेप कटला विहिरीच्या पायऱ्यांसारखे लांब, सरळ पैलू असतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या जोसेफ अ‍ॅशर यांनी १९०२ मध्ये काढलेला 'अ‍ॅशर कट' याच घराण्यातला. त्याचं तेज शांत. मात्र गोल हिऱ्यात झाकून जाणारा बारीकसा डागही इथे चटकन दिसतो. हा हिरा काही लपवत नाही.

मग आपला व्यवहार तरी झाकलेला का असावा?

ओळखीच्या एका ताईंची गोष्ट. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी लग्नातली हिऱ्याची अंगठी मोडायला काढली. दुकानदार म्हणाला, "कागद कुठे आहे?" प्रमाणपत्र नव्हतं, बिल सापडेना. सोन्याचे तेवढे पैसे मिळाले, हिऱ्याचे जवळजवळ नाहीच. सोनं वजनावर विकलं जातं, हिरा कागदावर, हे त्या दिवशी कळलं.

त्यातून आता प्रयोगशाळेत तयार झालेले हिरेही बाजारात आहेत. ते खोटे नाहीत, हिरेच आहेत. पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा बरेच स्वस्त, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून "खाणीतला की लॅबचा?" हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. प्रमाणपत्राचा नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून बघा. सोन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी आहे ना, तेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतोच. सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी मांडायला सांगा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात धरलं जायला नको. परत घेताना किती कापणार, हेही आधीच विचारा. विचारायला लाज कसली बाई? पैसा आपलाच आहे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. लेकीला दिलेला दागिना हे तिचं स्त्रीधन. त्यावर पूर्ण हक्क तिचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. पण हक्क सांगायला पुरावा लागतो. म्हणून बिल लेकीच्या नावाने करा, आणि अंगठी बोटात घालताना बिल नि प्रमाणपत्रही तिच्याच हाती द्या. जावयाच्या नाही, सासूबाईंच्याही नाही.

हिरा दिसायला देखणा असतोच. अडल्या वेळी कामी येतो तो कागद.