जपानी विनोदाचा कापलेला अर्धा भाग

निसरड्या जिन्यावरून एकमेकांना ओढत खाली घसरणारे स्पर्धक, नूडल्स निवाव्यात म्हणून छोटा पंखा बसवलेल्या चॉपस्टिक्स, फरशी पुसली जावी म्हणून मांजरीच्या पायांत घातलेले सपाते. असली दृश्ये मोबाइलवर आली की त्यांच्याखालचा निकाल ठरलेला असतो: जपानी माणसे मुळातच विक्षिप्त. थोडा अधिक विचार करणारे त्याला कारण जोडतात. कंपनीच्या कामाखाली आणि शिस्तीच्या काचात दबलेला समाज कुठेतरी असा फुटतो, असे ते म्हणतात. पहिले मत आळसातून आले आहे, दुसरे अर्धवट माहितीतून. क्योतोच्या कोझान-जी मंदिराची बाराव्या-तेराव्या शतकांतली चित्रपट्टी पाहिली तरी दुसऱ्या मताचा पाया ढासळतो. तिच्यात ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, पुरोहित बनलेले माकड बुद्धाच्या जागी बसलेल्या बेडकापुढे पूजा सांगते. तेव्हा कंपन्या नव्हत्या आणि त्यांचे कर्मचारीही नव्हते.

ज्याला आपण विक्षिप्तपणा म्हणतो, तो बहुतेक वेळा दोघांनी मिळून केलेल्या विनोदातला एकाचाच वाटा असतो, असे माझे ठाम मत आहे. जपानी मंचीय विनोदाचा कणा म्हणजे मान्झाई. दोन कलावंत एका मायक्रोफोनपुढे उभे राहतात. त्यांतला ‘बोके’ अत्यंत गंभीर चेहऱ्याने असंबद्ध बोलत सुटतो. ‘त्सुक्कोमी’ त्याला त्याच क्षणी अडवतो, झापतो, प्रसंगी डोक्यावर चापट देतो. 1930 च्या दशकात ओसाकात एन्तात्सु आणि आचाको या जोडीने कोट-पँट घालून, रोजच्या बोलीत ही कला मांडली. 1912 साली सुरू झालेल्या योशिमोतो कंपनीने तिचा मोठा व्यवसाय उभा केला. 2001 पासून ‘एम-1 ग्रां प्री’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत जोड्या सुमारे चार मिनिटांत आपले कसब पणाला लावतात आणि परीक्षक त्यांना गुण देतात. तिथे हशा पिकतो तो असंबद्ध वाक्याला नेमके उत्तर मिळाल्यावर. जपानी प्रेक्षकाच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की 2006 साली सुरू झालेल्या ‘निकोनिको दोगा’ या संकेतस्थळावर प्रेक्षकांचे शेरे चालू चित्रावरूनच सरकत जातात. एकमेकांना न ओळखणारे लोक मिळून त्सुक्कोमीचे काम करतात. चित्रफीत भाषेची सीमा ओलांडते तेव्हा नेमके हे उत्तरच मागे राहते, आणि बोके एकटा आपल्यासमोर येतो.

याचा पुरावा आपल्या घरांतही येऊन गेला आहे. 1986 साली जपानच्या टीबीएस वाहिनीवर सुरू झालेला ‘ताकेशीज कॅसल’ आपल्याकडच्या मुलांनी जावेद जाफरी यांच्या हिंदी निवेदनासह पाहिला. ते निवेदन स्वतंत्रपणे रंगतदार होते, त्यात वाद नाही. परंतु मूळ शब्द गेले आणि चिखलात आपटणारी माणसे तेवढी उरली. त्या किल्ल्याचा धनी झालेले ताकेशी कितानो मान्झाईतूनच पुढे आले होते. त्यांच्या ‘हाना-बी’ या चित्रपटाला 1997 साली व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. हा विनोद शिकून, घासून तयार झालेल्या माणसांचा आहे, हे यावरून तरी मान्य व्हावे.

कोणी विचारील, पंख्याच्या चॉपस्टिक्सना उत्तर देणारा कुठे असतो? तो नियमांत असतो. अशा वस्तूंना ‘चिंदोगू’ हे नाव देणाऱ्या केंजी कावाकामी यांनी दहा नियम घातले. वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे, ती विकता येणार नाही, तिचे पेटंट घेता येणार नाही, केवळ हसवणे हा तिचा हेतू असता कामा नये. प्रत्येक अडचणीवर एक वस्तू विकत घ्यायला लावणाऱ्या बाजाराला दिलेले हे उत्तर आहे. 1995 साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या संग्रहात स्वतःचा फोटो काढण्याची काठीही होती. पुढे जगभर लोकांनी ती पैसे मोजून घेतली.

त्सुक्कोमीची चापट म्हणजे वेगळेपणाला दिलेली शिक्षाच, असाही आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही, कारण बोकेला कोणी मंचावरून हाकलत नाही. तो पुढच्या वाक्याला नवे काहीतरी घेऊन येतो आणि जोडी चालू राहते. खरा जड आक्षेप वेगळा आहे. 1998 साली निप्पॉन टीव्हीच्या एका कार्यक्रमात ‘नासुबी’ नावाने ओळखल्या गेलेल्या होतकरू विनोदी कलावंताला विवस्त्र अवस्थेत एका खोलीत ठेवले गेले. मासिकांतल्या सोडतींत मिळणाऱ्या बक्षिसांवरच त्याने जगायचे होते. हे सुमारे सव्वा वर्ष चालले, आणि आपण आठवड्यामागून आठवडे देशभर दाखवले जात आहोत याची त्याला कल्पना नव्हती. याचे समर्थन मी करणार नाही. ती क्रूरता होती. पण तिची घडण पाहा. त्या खोलीत दुसरा माणूस नव्हता. अडवणारा, झापणारा, ‘पुरे’ म्हणणारा कोणीच नव्हता, आणि हसणाऱ्यांना उलट उत्तर देण्याची सोय त्या एकट्याला नव्हती. जपानी विनोदाने आपला दुसरा अर्धा भाग स्वतःच काढून टाकला तेव्हा हे घडले. परदेशातला प्रेक्षक तोच भाग नकळत कापतो आणि उरलेल्या तुकड्यावरून एका समाजाच्या मनाचे निदान करतो. असे निदान करण्याआधी प्रत्येकाने एका चांगल्या जोडीची मान्झाई उपशीर्षकांसह पूर्ण पाहावी. त्याला चार मिनिटे पुरतात.