सतरंजी कुणाची, खुर्ची कुणाची?

निवडणूक लागली की पुढाऱ्यांना महिला मंडळ आठवतं. एरवी पाच वर्षं त्यांना विहाराचा रस्ता सापडत नाही. मग एका संध्याकाळी गाड्या येतात, बाबासाहेबांच्या फोटोला हार पडतो आणि ऑर्डर सुटते : "ताई, सभेला शंभर बाया पाहिजेत. पांढरी साडी, निळी किनार. चार वाजता टेम्पो येईल." शंभर बाया. जशी शंभर पोती मागवावीत तशा. त्यांचं म्हणणं काय, त्यातल्या कुणाला स्टेजवर चढून चार शब्द बोलायचेत का, हे विचारायची पद्धत नाही. स्टेजवर साहेब, साहेबांचे भाऊ, साहेबांच्या भावाचा ठेकेदार मित्र. खाली सतरंजीवर आम्ही. सभा संपली की साहेब गाडीत, आणि सतरंजी झटकून घडी घालायला पुन्हा आम्हीच.

मी गिरणीत राबते. गिरणीत निदान एवढं तरी आहे, की जिच्या हातून सूत निघतं तिचं नाव हजेरीपटावर असतं. पक्षात तेवढंही नाही.

हे मी पुढाऱ्यांसाठी लिहीत नाही. ते वाचणार नाहीत. तुमच्यासाठी लिहितेय, जे निळा झेंडा खांद्यावर घेऊन रात्ररात्र पोस्टरं चिकटवतात, जयंतीत घसा बसेस्तोवर घोषणा देतात, आणि उद्या पुढारी होणार आहेत. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

आधी पक्ष म्हणजे काय ते बघू. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला. बाबासाहेबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. दहा वर्षं उलटायच्या आत त्याची फाटाफूट सुरू झाली. मग गायकवाड गट, कांबळे गट, खोब्रागडे गट, गवई गट, कवाडे गट, आठवले गट. प्रत्येक गटाचं लेटरहेड वेगळं, रबरी शिक्का वेगळा, 'खरा पक्ष आमचाच' हे वाक्य मात्र एकच. दर थोड्या वर्षांनी ऐक्याची लाट येते, लोक रस्त्यावर नाचतात, आणि निवडणुकीच्या जागा वाटायची वेळ आली की ऐक्य फुटतं. आमच्या आज्यांनी हे पाहिलं, आयांनी पाहिलं, आता आम्ही पाहतोय.

पण वस्तीत या. रविवारी सकाळी विहारात या. तिथं वंदनेला एका ओळीत बसलेल्या बायांचे नवरे चार गटांत आहेत. एकीचा मुलगा पाचव्या झेंड्याखाली. तरी सतरंजी एक आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं, ते हेच मंडळ चालवतं. जिला वाचता येत नाही ती ऐकते, जिला येतं ती वाचते, आणि ऐकणारी मधेच थांबवून असा प्रश्न विचारते की वाचणारीची बोबडी वळते. ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, १४ एप्रिलला बाबासाहेब. वर्गणीची वही मंडळाच्या बाईकडं, तीत दहा रुपयांचासुद्धा हिशोब. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघालेल्या लोकांसाठी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या जातात त्या कुठल्या गटाच्या? कुणी विचारत नाही. भाकरीला गट नसतो.

आणि हे झालं सणावाराचं. बाकीचं कोण करतं? नवऱ्यानं डोकं फोडलेल्या बाईला घेऊन रात्री चौकीत कोण जातं? हवालदार तक्रार घेत नाही तर चौकीच्या पायरीवर पहाटेपर्यंत कोण बसतं? रेशनकार्डावरून नाव उडालं, विधवेची पेन्शन अडकली, नळाला तीन दिवस पाणी नाही, संडासाचं दार तुटलंय आणि पोरी अंधारात जायला भितात, या सगळ्याला कोण पळतं? मंडळ पळतं. पुढाऱ्याचा फोन तेव्हा 'कव्हरेज क्षेत्राबाहेर' असतो.

म्हणून मी म्हणते, दोस्तांनो, वस्तीत रिपब्लिकन पक्ष म्हणून जे काही जिवंत उरलंय ते महिला मंडळ आहे. बाकी आहेत ते बोर्ड आणि बॅनर. मग ज्यांच्या जिवावर पक्ष जिवंत आहे त्यांना पक्षात ठरवण्याचा हक्क का नाही, एवढाच माझा सवाल आहे.

उत्तर तयार असतं. "बायांना राजकारण कळत नाही." बरं. मतदार यादी घ्या आणि बसा समोर. कोणती म्हातारी गेल्या पावसाळ्यात गेली आणि तिचं नाव अजून यादीत आहे, कोणती पोर लग्न होऊन नांदायला आलीय आणि तिचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, कुणाचा पोरगा अठराचा झाला, कोणतं बिऱ्हाड पुनर्वसनात दुसऱ्या वॉर्डात गेलं, हे तुमच्या वॉर्ड अध्यक्षाला सांगता येईल का? आमच्या बाया बोटावर सांगतात. नवं नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला आणि चूक दुरुस्त करायला नमुना ८, हे त्यांना पाठ झालंय, कारण ते भरून घेत दारोदार त्याच फिरतात. मतदानाच्या आदल्या रात्री पुरुषांत बाटल्या आणि पाकिटं फिरतात तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाट टाकून त्याच बसतात. सकाळी सातला बूथवर त्याच, आंधळ्या-पांगळ्याला हाताला धरून नेणाऱ्या त्याच. हे राजकारण नाही तर काय भरतकाम आहे? राजकारण बायांना कळतं. पुढाऱ्यांना तेच नकोय.

दुसरं उत्तर जास्त शहाण्या तोंडातून येतं. "आधी समाजाचा प्रश्न, मग बाईचा. आत्ता फूट पाडू नका." फूट कुणी पाडली ते वर सांगितलंच आहे. आणि हा 'आधी-मग' कुणी शिकवला? बाबासाहेबांनी तर नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा त्यांनी बायांना वेगळं बसवून भाषण केलं. बाई कशी राहील, काय नेसेल, पोरीला शिकवेल की नाही, यावर समाजाचं उभं राहणं अवलंबून आहे हे त्यांनी तिथं सांगितलं. जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या बायांचं मंडळ निघालं, त्याच्या अध्यक्ष रमाई होत्या. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बाया होत्या. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल गुंडाळून ठेवलं हे मोठं कारण होतं. बाईच्या वारसाहक्कासाठी, घटस्फोटाच्या हक्कासाठी जो माणूस मंत्रिपदावर लाथ मारतो त्याचे अनुयायी आज एका वॉर्डाचं तिकीट बाईला देताना पोटात कळ आल्यागत करतात.

आणि बाया गप्प होत्या असंही नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तिथले ठराव काढून वाचा. बायकोला काडीमोडाचा हक्क हवा. एक बायको असताना दुसरी करायला बंदी हवी. गिरण्यांतल्या, विडी कारखान्यांतल्या कामगार बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा हवी, कामावर जखम झाली तर भरपाई हवी. जिथं बाया काम करतात तिथं देखरेखीला बाईच हवी. आणि कायदेमंडळापासून खालपर्यंत सगळीकडं बायांना प्रतिनिधित्व हवं. हे १९४२ सालचं बोलणं आहे. त्याच नागपुरात गिरणीत राबणाऱ्या राधाबाई कांबळे यांनी १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढं मजुरांच्या बाजूनं साक्ष दिली होती. कमिशनपुढं उभी राहणारी गिरणीकामगार बाई आपल्या इतिहासात आहे, आणि आपल्या पक्षात गिरणीकामगार बाईला माईक मिळत नाही.

पुढं काय झालं? ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. बाया तान्ही लेकरं काखेत मारून तुरुंगात गेल्या. शांताबाई दाणींसारखी बाई १९६८ ते १९७४ विधान परिषदेत बसली. पण त्यांच्यामागून रांग लागायला हवी होती ती लागू दिली नाही. १९९८ साली लोकसभेत रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून गेले, चारही खुल्या मतदारसंघांतून. सगळ्यांना केवढा अभिमान! मलाही आहे. पण चारांत बाई किती? शून्य. २००६ साली खैरलांजीनंतर विदर्भात रस्त्यावर उतरून लाठ्या खाताना मात्र बाया पुढं होत्या. लाठीला बाई चालते.

आता राखीव जागांचं बघा. १९९२ च्या ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं गावापासून महापालिकेपर्यंत एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. लोकसभा-विधानसभेसाठी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्याशिवाय लागू नाही अशी गाठ मारून. म्हणजे पंगतीला बसवलं आणि वाढपी कधी येईल ते सांगितलं नाही. तरी खालच्या जागा आहेत ना? त्यांचं आपल्या लोकांनी काय केलं?

सोडत निघते. चिठ्ठी निघते : अनुसूचित जाती, महिला. त्याच रात्री पुढाऱ्याच्या घरात उमेदवार तयार होतो. ती उमेदवार कोण? कालपर्यंत विहाराची पायरी न चढलेली त्यांची बायको, भावजय, सून. त्या बाईशी माझं भांडण नाही. ती पण आपल्यासारखीच, तिलाही कुणी विचारलेलं नसतं. भांडण या दलालीशी आहे. ती निवडून येते. लेटरहेडवर नाव तिचं, खाली मोबाईल नंबर त्याचा. सही तिची, टेंडर त्याचं. बॅनरवर त्याचा फोटो हातभर, तिचा वीतभर. लोक त्यालाच 'नगरसेवक' म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो! बाबासाहेबांनी कमावलेल्या राखीव जागेवर हा चोरटा भाडेकरू.

आणि बायांनो, दोन शब्द आपल्यालाही. संक्रांतीला प्रस्थापितांच्या बायका हळदीकुंकू घालतात, वाण म्हणून स्टीलचा डबा देतात, आणि आपल्यातल्या काही रांगेत उभ्या राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या लेकी-नाती आपण. कपाळाला कुंकू लावून घेऊन हातात डबा घेऊन येताना आपण पाच वर्षांचं पाणी विकून आलो हे ध्यानात घ्या. पुढाऱ्याला ओवाळायचं ताटही आता खाली ठेवा. आपला भाऊ असेल तर चूल पेटवायला येईल, ओवाळून घ्यायला नाही.

मग करायचं काय? मी कविता लिहिते, पण इथं कविता उपयोगाची नाही. इथं ठराव लागतो. आपापल्या मंडळात तो मांडा, वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या :

१. निवडणूक कुठलीही असो, ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, महापालिका. उमेदवार वस्तीच्या उघड्या सभेत ठरेल. बाया अर्ध्याच्या वर हजर नसतील तर ती सभा धरली जाणार नाही.

२. महिला राखीव जागेवर उभी राहणारी बाई मंडळाच्या कामातून आलेली असेल. तीन वर्षांच्या वहीत तिचं काम दिसलं पाहिजे.

३. खुल्या जागेवरही बाईचं नाव येईल. राखीव जागा ही खालची पायरी आहे, तीच छप्पर समजायचं नाही.

४. प्रचाराचा पैसा किती आला, कुणाकडून आला, कशावर गेला ते विहाराच्या भिंतीवर लागेल. जयंतीच्या दहा रुपयांचा हिशोब देता येतो तर लाखाचाही देता येतो.

५. जाहीरनामा मंडळ लिहील. पाणी, संडासाला दार आणि दिवा, राबणाऱ्या आयांसाठी पाळणाघर, रात्रशाळा, सफाई कामगार बायांना पुरा पगार.

६. निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत नवरा बसलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी अख्खं मंडळ त्या ऑफिसात जाऊन बसेल.

यातलं एकही मान्य नसेल तर मंडळ त्या उमेदवारासाठी यादी चाळणार नाही, चिठ्ठ्या वाटणार नाही, बूथवर बसणार नाही. बघू मग निळा झेंडा नुसत्या भोंग्यावर किती मतं घेतो ते.

भावांनो, तुमच्यातले काही आत्ता मनात म्हणत असतील, ही बाई जास्त बोलतेय. म्हणा. पण तुमच्या वॉर्डात सभा लागेल तेव्हा या ठरावाची प्रत खिशात घेऊन या, आणि साहेबांच्या तोंडावर तो पहिल्यांदा वाचायला एखादी बाई उठली की तिच्या मागं उभे राहा. पुढं नको, मागं. तेवढं जमलं तर पक्षाचं ऐक्य कुठल्या बंगल्यात शोधत हिंडायची गरज पडणार नाही.

जय भीम.