चार पौंडांची हवा

मंडळी, या अंकात जरा वेगळा विषय. फ्रीमाँटहून तासा-सव्वा तासावरच्या हॉलिस्टर हिल्सला आपल्यातल्या काहींची मुलं ट्रायल्सची मोटारसायकल घेऊन जातात. ही शर्यत नव्हे. खडक, ओंडके, ओढे उभ्यानं पार करायचे. पाय टेकला की दंड! १९७९ साली याचं जागतिक अजिंक्यपद कॅलिफोर्नियाच्याच बर्नी श्रायबरनं मिळवलं होतं.

मागचा टायर बहुधा ४.००-१८. दुकानात पोरांची नजर जाते मोटोक्रॉसच्या उंच दातांवर. तो आम्ही घेऊ देत नाही. ओल्या खडकावर ते दात वाकतात, चाक सटकतं आणि पोर गाडीखाली. ट्रायल्सच्या टायरचे ठोकळे बुटके, दाट; रबर मऊ, बाजू लवचिक. हवा जेमतेम चार-पाच पौंड (आपल्या कारमध्ये तीसेक असते), म्हणून तो दगडाला पंजासारखा धरतो. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा कॉलेजातला नियम रबरानं वाचलेला नाही!

आधी रिम बघा. ट्यूबची असेल तर रिम-लॉक हवाच, नाहीतर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जातो. आणि इतक्या कमी हवेवर फ्रीवे मुळीच नाही. टायर तापतो, गाडी डोलते. पिकअपमध्ये टाकून न्या.

टायर गोटा होईस्तोवर वापरायची आपली सवय इथे चालत नाही. ठोकळ्यांच्या कडा गोल झाल्या की पकड गेली. मग बरेचजण टायर काढून उलट बाजूनं बसवतात, म्हणजे न झिजलेली कड कामाला येते. पुणेरी हिशोबातही बसतं ते.