हार्डनला सोडायला नको होतं!

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या. पण आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत चालणारा वाद एकदाचा कागदावर मांडायचाच होता.

जून २०१२ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर एनबीएच्या फायनलला पोचली. ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन, तिघेही चोविशीच्या आतले. आणि ऑक्टोबरमध्ये, सीझनच्या तोंडावर, हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं! कारण? पगार. स्वतःचे खेळाडू राखायला सॅलरी कॅप ओलांडता येते, पण एका मर्यादेपुढे लक्झरी टॅक्स बसतो, आणि २०१३ पासून तो आणखी कडक होणार होता. छोट्या शहराची टीम, खर्चाला घाबरली.

रूममेट म्हणतो, "हिशेब बरोबर होता." मी म्हणतो, हिशेब बरोबर, घाई चूक. हार्डनच्या करारात अजून एक वर्ष बाकी होतं. त्यानंतरही दुसऱ्या टीमची ऑफर मॅच करून त्याला ठेवायचा हक्क थंडरकडेच राहिला असता. मग ते एक वर्ष खेळून का नाही बघितलं? पुढे तिघेही एमव्हीपी झाले (२०१४, २०१७, २०१८), पण एकत्र किताब एकही नाही.

कोणी म्हणेल, २०२५ मध्ये थंडर चॅम्पियन झालीच ना? झाली. त्याच सॅम प्रेस्टीने २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात गिल्जस-अलेक्झांडर आणि पिक्सचा ढीग आणला. पण तेव्हा जॉर्जलाच जायचं होतं. हार्डनला राहायचं होतं, प्रश्न फक्त पैशांचा होता.

पैसे पुन्हा जमवता येतात. जमलेली टीम एकदा फुटली की फुटली. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको!