गोळी जेवणाआधी, पण जेवण कुठाय?

तर झालं असं, की गेल्या अंगारकीला मी बाबांबरोबर टिटवाळ्याला गेले. बाबा दर अंगारकीला जातातच. खोपटच्या एसटी स्टँडजवळ आमचं घर, तिथून रिक्षाने ठाणे स्टेशन, मग टिटवाळा लोकल. यावेळी आईने फर्मान काढलं, ‘तू जा सोबत, तुला कुठे ऑफिस आहे!’ फ्रीलान्सर मुलगी म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने कायम मोकळी, असो.

बाबा रिटायर्ड कंडक्टर. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब जुळवला, आता गोळ्यांचा जुळवतात. डायबेटिसला आठ वर्षं झाली. चिठ्ठीवर सकाळी ‘जेवणाआधी’ ग्लिमेपिराइड लिहिलंय, म्हणून त्या दिवशीही पहाटे ती बरोब्बर घेतली. वर कपभर चहा आणि निघाले. चंद्रोदयापर्यंत कडक उपास! मधे साबुदाणासुद्धा नाही.

दर्शनाची रांग सॉलिड होती. साडेअकराच्या सुमारास बाबांना दरदरून घाम फुटला. मला वाटलं, उकाडा आहे. मग त्यांचे हात थरथरायला लागले आणि अचानक ते पुढच्या माणसाला म्हणाले, ‘सुटे द्या, सुटे.’ त्याला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. आईशप्पथ, मलाही क्षणभर हसू आलं. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी मला ओळखलेलंच नव्हतं.

आमच्या मागे एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, साखर उतरलीय त्यांची. आमच्या ह्यांना अस्संच व्हायचं.’ पिशवीतली लिंबू सरबताची बाटली काढून त्यांनी ती बाबांच्या तोंडाला लावली. बाबा उपास म्हणून मान फिरवत होते. मावशींनी दटावलं, ‘दादा, प्या मुकाट्याने!’ पंधरा मिनिटांत बाबा परत बाबा झाले.

जवळच्या दवाखान्यात मोजली तर सरबत पोटात गेल्यावरही शुगर ७२. ७० च्या खाली गेली की लो समजतात. रांगेत ती किती असेल, देव जाणे. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. ‘काका, आज गोळी घेतली? आणि खाल्लं काय?’

फंडा तसा सिंपल आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न येवो न येवो. म्हणून ती पहिल्या मुख्य जेवणाच्या जरा आधी किंवा जेवणाबरोबर घ्यायची. जेवण येणारच नसेल तर ते इन्सुलिन रक्तात असलेली साखर खाली ओढत राहतं. मेटफॉर्मिनचं तसं नाही. ते जेवणाबरोबर घ्यायला सांगतात ते मुख्यतः पोट बिघडू नये म्हणून, आणि एकट्या मेटफॉर्मिनने शुगर अशी धाडकन उतरणं विरळाच. म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यामागे प्रत्येक गोळीचं वेगळं कारण असतं. चिठ्ठीवर मात्र १-०-१ एवढंच दिसतं. ते लिहिताना डॉक्टरांच्या डोळ्यासमोर नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असा दिवस असतो. असा दिवस जगणारं ठाण्यात कोण आहे, मला दाखवा!

मुंब्र्याच्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती चाटच पडली. तिची अम्मी रमझानच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जाते. रोजा ठेवायचा की नाही, सहरीला कोणती गोळी, इफ्तारला कोणती, डोस किती, सगळं ठरवून येते. यावर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने सविस्तर मार्गदर्शनही काढलं, २०२१ मध्ये ते सुधारलं. आणि आपण? संकष्टी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. वर्षभर उपास, पण डॉक्टरांना विचारलंय कधी? बाबांनी तर आठ वर्षांत त्यांना सांगितलंच नव्हतं. ‘त्यांना काय करायच्यात आपल्या देवाच्या गोष्टी!’

आता बाबांना उपासाचं वेगळं टाइमटेबल मिळालंय. त्यांची सकाळची ग्लिमेपिराइड त्या दिवशी बंद, आणि रात्री उपास सोडताना काय घ्यायचं ते वेगळं लिहिलंय. प्लीज, हे कॉपी करू नका. तुमच्या बाबांच्या गोळ्या वेगळ्या असतील, इन्सुलिन असेल तर आणखीच वेगळं. विचारा, एवढंच.

दुसरी धमाल पुढच्याच आठवड्यात. चुलतभावाच्या हळदीत बाबांची रात्रीची गोळी राहिली. सकाळी बघते तर तळहातावर दोन! ‘कालची राहिली ना, हिशेब नको पूर्ण करायला?’ झडप घालून एक काढून घेतली. राहिलेली गोळी थोड्या वेळात आठवली तर घ्यावी, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, आणि भरपाई म्हणून डबल कधीच घेऊ नये. बहुतेक औषधांना हे लागू पडतं. पण जेवणाशी जोडलेली शुगरची गोळी मध्यरात्री आठवली म्हणून घेऊन झोपणं, हेही नकोच.

अपवाद आहेत. मैत्रिणींनो, रोजची कॉम्बाइन्ड गर्भनिरोधक गोळी एखादी राहिली तर आठवताच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी. दोन किंवा जास्त राहिल्या तर डॉक्टरांना विचारायचं आणि तोवर कंडोम.

आणि हो, माझंही पितळ उघडं पडलं. बाबांना लेक्चर देणारी मी, थायरॉइडची गोळी दोन वर्षं चहाबरोबर गिळत होते. ती अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, खरं तर तासाभराने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर त्यात चार तासांचं अंतर. लोकल पकडायच्या गडबडीत तासभर बिनचहाचं राहणं म्हणजे काय शिक्षा आहे, हे ठाणेकरांनाच कळेल! मी गोळी उशाशी ठेवते, गजर झाला की घेते आणि परत झोपते. एखाद दिवशी राहिली तर मात्र टेन्शन नाही. ही गोळी शरीरात आठवडाभर रेंगाळते.

शुगर उतरली तर काय, तेही फ्रिजवर लिहून लावलंय. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजा, मग खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. बाबांनी कागद वाचला आणि कुरकुरले, ‘म्हणजे उपास मोडणार.’

‘बाबा, साखर उपासाला चालते.’

त्यांनी मिनिटभर विचार केला. हल्ली टिटवाळ्याला जाताना शर्टाच्या खिशात, पूर्वी सुटे पैसे असायचे तिथे, खडीसाखरेची पुडी असते.