बातमीदारीचा पहिला धडा

“वर्तमानपत्रात लिहावयाचे आहे, तर भाषा कशी कमवावी?” असा प्रश्न घेऊन चंद्रपूर व गडचिरोलीकडील तरुण आमच्याकडे वारंवार येतात. त्यांच्या उत्साहाचे आम्हांस कौतुक आहे. परंतु त्यांनी सोबत आणलेले लेख वाचले म्हणजे उणीव दिसते ती भाषेची नव्हे. मोहफुले वेचावयास गेलेल्या बाईस वाघाने मारले, अशी बातमी असते. तीत अरण्याचे वर्णन असते, वनखात्यास चार खडे बोल असतात. पण ती बाई कोणत्या गावची, गावापासून किती अंतरावर होती, पंचनामा केव्हा झाला, आणि हे सारे लेखकास कोणी सांगितले, याचा पत्ता नसतो.

आमचे व्यापारी वाचक हा दोष चटकन ओळखतील. रोजकीर्दीत “बरीच रक्कम आली” अशी नोंद करणारा मुनीम ते एक दिवस तरी ठेवतील काय? तारीख, नाव, रक्कम, कोणाच्या हस्ते, हे आधी; नफ्यातोट्याचा विचार मागाहून. आमच्या वकिलीतही तोच न्याय आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले असेल तेच सांगावे, असा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने घातला, आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही तो कायम ठेविला आहे. बातमीदार हा साक्षीदार होय. त्याने पहिल्याच ओळीत न्यायाधीशाच्या खुर्चीवर चढून बसू नये.

हे शिकावयास दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोकांचा उठाव झाला, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. मागाहून आलेल्या शिपायांनी गावात, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या, तेव्हा सरकारने चौकशी नाकारली. त्या समयी नागपुराहून काही भगिनी चिमुरास गेल्या, पीडित स्त्रियांपाशी बसल्या, आणि त्यांच्या तोंडची हकीकत घेऊन आल्या. ऐकिवावर रचलेला जळजळीत लेख एका सरकारी खुलाशाने उडवून देता येतो. घरी जाऊन घेतलेली हकीकत तशी उडविता येत नाही. पुढे सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केले, तर सरकारने त्या उपोषणाच्या वार्तेवरच निर्बंध घातले! त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक पत्रांनी आपला अंकच काढला नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तोही दिवस ६ जानेवारीच. पत्रकार दिन म्हणून त्या दिवशी दरसाल ठिकठिकाणी हारतुरे होतात. त्या भाषणांत चिमूरचे नाव आमच्या तरी कानी फारसे पडलेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी काही पत्रांच्या आधारे लिहिले. ती पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध, लेखणी समर्थ. कागद तेवढा खोटा! आज मोबाईलवर घटकेघटकेस येऊन पडणारी चित्रे व पत्रके आमचे तरुण मित्र पारखून घेतात काय?

असो. पण सारा दोष तरुणांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे दुभाष्याच्या तोंडून घ्यावे लागते, आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याचाच माणूस दुभाषी म्हणून पुढे उभा राहावा, हे नवल नव्हे. माडिया व गोंड मुलामुलींतूनच बातमीदार तयार झाल्यावाचून ही अडचण सुटणार नाही. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथील विद्वानांनी याकडे लक्ष द्यावे.

त्याहून मोठी अडचण पोटाची. तालुक्याच्या वार्ताहरास बहुधा पगार नसतो. जाहिरात आणावी तेव्हा तीवर दलाली मिळते. ज्या तेंदूच्या ठेकेदाराकडून त्याने सकाळी जाहिरात घ्यावयाची, त्याच्याच फळीवर पुड्यांचा हिशेब बरोबर लागतो की नाही, हे दुपारी त्याने कोणत्या तोंडाने विचारावे? म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे की, जाहिरात वार्ताहराच्या हाती न देता थेट कचेरीत पाठवावी. पत्रांच्या चालकांनीही एस.टी.चे भाडे आणि विश्वासू दुभाष्याचा मेहनताना स्वतः सोसावा. आमच्या पत्रापुरती ही व्यवस्था आम्ही चालू महिन्यापासून केली आहे. पहिले बिल एटापल्लीहून आले असून ते चुकते झाले आहे.